आक्काच्या हातचा रिपोर्ट

संगमनेर,
शनिवार

प्रिय गिदू,

फोनवर तू माझं तिसरं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्या की विषय संपला. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. दवाखान्यातून आज अर्धी सुट्टी काढली. हे पत्र सहादेवमामांच्या टेम्पोतून सुप्याला येईल. त्याच्या बायकोच्या, मरियाच्या हाती नको, आईच्या तर मुळीच नको, गिदोनच्याच हातात द्या, असं त्यांना दोनदा बजावलंय. फोन कट करता येतो तसा कागद मध्येच कट करता येत नाही. फाडता येतो, ते तू खुशाल कर, पण शेवटची ओळ वाचून मग फाड. एवढं तरी थोरल्या बहिणीचं ऐक बाबा.

मंगळवारी तुला पुण्याला अ‍ॅडमिट व्हायचंय आणि गुरुवारी ऑपरेशन आहे. ही तिसरी तारीख. पहिली तू ओव्हरटाइमच्या नावाखाली घालवलीस. दुसरीच्या वेळी ईस्टर होता, तुझ्याशिवाय चर्चमध्ये गाणार कोण म्हणे! आणि परवा काय केलंस, तर माझ्याशी बोलायची हिंमत नाही म्हणून आईला पुढे केलंस. तिचा फोन आला, “एंजे, गिदू म्हनतोय तारीक क्यान्सल कर, त्याला काय बी झालेलं न्हाई. खरं का गं?” सत्तरीच्या बाईला तू हा प्रश्न विचारायला लावलास. मी म्हटलं, मी बोलते त्याच्याशी. फोन ठेवला आणि वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं नळ सोडून रडले. बाहेर आले तर पेशंटचे नातेवाईक सलाइन संपलं म्हणून माझ्यावरच ओरडत होते.

तुला काय झालंय ते निदान दहा वेळा सांगितलंय, पण प्रत्येक वेळी तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतास. म्हणून एकदा लिहूनच देते. हृदयात वरच्या बाजूला दोन खोल्या असतात, डावी आणि उजवी, मध्ये पडदा. ज्यांना जन्मतः भोक असतं त्यातल्या बहुतेकांना ते त्या पडद्याच्या मधोमध असतं. तुझं तिथं नाहीच. तुझं अगदी वर, कोपऱ्यात आहे, डोक्याकडून आणि हातांकडून येणारी मोठी शीर उजव्या खोलीत उतरते ना, बरोबर तिथं. त्याला सायनस व्हिनोसस म्हणतात. हे भोक एकटं सहसा येत नाही. उजव्या फुप्फुसातून स्वच्छ रक्त आणणारी शीर डाव्या खोलीत जायला हवी, ती तुझ्यात त्या मोठ्या शिरेलाच जाऊन मिळालीये. प्लंबरनं भरलेल्या टाकीचा पाइप घरात न सोडता परत विहिरीत सोडावा, तसं. पस्तीस वर्षं तुझं स्वच्छ रक्त पुन्हा फुप्फुसात, पुन्हा फुप्फुसात, असंच फिरतंय. तो सगळा भार उजव्या बाजूनं ओढला, ती ताणून ताणून मोठी झाली, आणि म्हणून नोव्हेंबरात कंपनीत मशीनसमोर उभ्या उभ्या तुझे ठोके बिघडले. चहा जास्त झाला म्हणून नव्हे.

नगरच्या त्या पोरसवदा डॉक्टरचे मी पाय धुवायला तयार आहे. त्यानं छातीवरून इको केला, त्यालाही भोक दिसलं नाही. पण तो तिथं थांबला नाही. म्हणाला, उजवी बाजू एवढी मोठी उगाच होत नाही, भोक दिसत नाही याचा अर्थ ते नाही असा नव्हे. त्यानं पुण्याला धाडलं, तिथं घशातून नळी घालून इको झाला, मग सीटी. सीटीत सगळं उघड्यावर आलं, भोकही आणि ती चुकलेली शीरही. पुण्याच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा मरियासुद्धा बघू शकली. फक्त तुला दिसलं नाही. तू मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होतास.

आणि नंतर सुरू झालं छत्रीचं पुराण! तुझ्या शेजारच्या गहिनीनाथच्या पोरीला मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं उघडणारं झाकण घालून भोक बंद केलं, तिसऱ्या दिवशी पोरगी अंगणात लंगडी खेळायला लागली, हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन. “ताई, छाती कापायची गरजच न्हाई, आमच्या पोरीला टाका बी न्हाई पडला,” असं तो मला फोन करून ऐकवतो. भला माणूस आहे, त्याचा राग नाही. पण त्याच्या पोरीचं भोक मधोमध होतं, छत्रीला धरायला चारी बाजूंनी काठ होता. तुझ्या भोकाला वरच्या अंगाला काठच नाही, तिथून सरळ शीरच उघडते. छत्री धरणार कशाला? आणि बसली असं धरून चाललं तरी ती उजव्या फुप्फुसाची शीर चुकीच्याच जागी राहणार. शिरेत अस्तर लावलेली नळी बसवायचा एक नवा प्रकार निघालाय, तेही मी विचारून घेतलं. डॉक्टरांनी तुझी सीटी पुन्हा उघडून बघितली आणि म्हणाले, याच्या शिरांची ठेवण त्याला बसत नाही. म्हणजे ऑपरेशनच. हृदयावरच्या आवरणाचाच एक तुकडा घेऊन आतून असा शिवायचा की भोकही बंद होईल आणि त्या शिरेचं रक्तही डावीकडे वळेल. त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे. सरकारी योजनेत खर्चाला मंजुरी आलेली आहे, तोही प्रश्न नाही. तरी तू छत्री लावणारा शोधत नाशिक गाठलंस, मग नगरचे आणखी दोन दवाखाने केलेस, मग अकोल्याच्या कुठल्याशा वैद्याचा काढा आणलास. सगळ्यांनी, त्या वैद्यानंसुद्धा, ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. तुझ्यापुढे मी हात टेकले रे.

तुझ्याकडे उत्तर एकच असतं, तो लॅमिनेट केलेला कागद. कंपनीच्या मेडिकलला लागलेला जुना इकोचा रिपोर्ट. दरवर्षी झेरॉक्स काढून काढून फाटायला आला म्हणून तू सुप्याच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याला प्लास्टिक चढवलंस, आणि आता तो फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवून गावोगाव फिरतोस. डॉक्टर सीटीची फिल्म उजेडावर धरतात आणि तू त्यांच्यापुढे तो कागद सरकवतोस. बघा, दोन हजार सोळा साली नॉर्मल होतं. जन्मतः भोक असतं म्हणता, मग तेव्हा कुठं गेलं होतं? नऊ वर्षांत भोक पडतं का? तुझ्या या प्रश्नावर नाशिकचा डॉक्टर चिडला, नगरच्यानं खांदे उडवले. मी दर वेळी तुला समजावत राहिले की हे भोक छातीवरच्या इकोत सहजी दिसत नाही, भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं, मोठ्या माणसात तर फारच. हे खरं आहे, पुस्तकातही आहे. तू म्हणालास, बरं, भोक नसेल दिसलं. पण उजवी बाजू मोठी असेल तर ती तरी दिसली असती ना? काही शंका तरी लिहिली असती ना? या रिपोर्टात तर एक अक्षर नाही. गिदू, तू दहावीला दोनदा बसलास, पण हा प्रश्न तू वकिलासारखा विचारलास. आणि मी तुझ्या फाइलमधली पानं सारखी करत बसले.

पुण्याच्या डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन विचारलं होतं, हा कुणी केला? तू छाती पुढे काढून म्हणालास, माझी बहीण त्याच दवाखान्यात आहे, तिनंच टाइप केलाय, तिच्या हातचा कागद खोटा कसा असेल? तेव्हा मी बाटलीत पाणी भरून आणते म्हणून बाहेर गेले. मरियानं नंतर विचारलं, ताई, बाटली तर भरलेलीच होती की. तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

आज सकाळपासून मला तुझे बूट आठवताहेत. शाळेत सगळी पोरं चपला घालून यायची, काही अनवाणी, आणि तुला मात्र लेसचेच बूट हवे. बाबांकडे हट्ट करून घेतलेस. शाळा दीड मैल. चढावर आलो की तू खाली वाकायचास, लेस सुटली म्हणून. निंबाच्या झाडापाशी पुन्हा सुटली. कॅनॉलच्या पुलावर पुन्हा. तुझं दप्तर माझ्या दुसऱ्या खांद्यावर असायचं आणि मी उन्हात उभी राहून करवादायची, चल ना रे, चल ना, घंटा होईल. तुझी लेस कधीच सुटलेली नसायची हे मला चौथीत असतानाच कळलं होतं. मला वाटायचं, तू आळशी आहेस. सगळ्यांनाच तसं वाटायचं. दर थंडीत खोकला, दर थंडीत छाती भरलेली. बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल, म्हणून डॉक्टरनं सांगितलं आणि आपण ते धरून बसलो. आई तेवढी म्हणायची, “आळशी न्हाई गं त्यो, त्याला दम लागतोय.” तिचं कोण ऐकतं? ती कुठं शिकलेली होती.

आणि भंडारदऱ्याची ती चर्चच्या तरुण संघाची सहल. सगळे धबधब्यापाशी पोचले आणि तू अर्ध्या वाटेवरच्या दगडावर बसलेला. मी शोधत खाली आले तर म्हणालास, चपलेचा अंगठा तुटला. चप्पल धड होती. ओठ जांभळट झालेले होते, मला वाटलं जांभळं खाल्लीस. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, गिदू! नाडी मोजायला शिकलेली होते. तुझा हात हातात घेऊन एक मिनिट घड्याळाकडे बघायला मला काय झालं होतं? त्याऐवजी मी तुला सगळ्यांसमोर नाटक्या म्हणाले आणि सगळे हसले. तूही हसलास. नाताळात घरोघर गात फिरतो त्या कॅरल राउंडलाही तू तेच करतोस, अजून करतोस. पहिलं कडवं खणखणीत, आणि दुसऱ्याला हात वर करून बाकीच्यांना गायला लावतोस, जसा काही मोठा बँडमास्तर. लोकांना वाटतं ढंग आहे. तू दम घेत असतोस.

आता ज्यासाठी कागद घेतला तिथं यायलाच हवं. दोन पानं इकडचं तिकडचं लिहून झालं, आणखी टाळलं तर मी तुझ्यासारखीच लेस बांधत बसले असं होईल.

दोन हजार सोळाचा एप्रिल आठव. बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. दोन ठिकाणची कामं तुझी सुटली होती, दम लागतो म्हणून नव्हे, कामचुकार आहे म्हणून. मग सुप्याच्या कंपनीचं पत्र आलं. मरियाच्या घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, कायमची नोकरी असेल तरच पुढचं बोलू. कंपनीच्या डॉक्टरला तुझ्या छातीत काहीतरी आवाज आला आणि त्यानं इको करून आणा म्हणून चिठ्ठी दिली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि शुक्रवारी तू माझ्याकडे आलास. कुठं जायचं, आक्का आहे ना!

तेव्हा आमच्याकडे इकोचे डॉक्टर बाहेरून यायचे, पंधरा दिवसांतून एकदा, दुपारच्या चार तासांत चाळीस-पंचेचाळीस पेशंट. कॉम्प्युटरवर मी. कामाची पद्धत अशी होती की कॉम्प्युटरमध्ये ‘नॉर्मल’ नावाची एक फाइल तयारच असायची. उजवी बाजू नॉर्मल, पडदा अखंड, झडपा नॉर्मल, सगळं आधीच लिहिलेलं. नाव आणि वय बदलायचं, आकडे टाकायचे, आणि डॉक्टर वेगळं काही बोलले तर तेवढी ओळ काढून दुसरी घालायची. संध्याकाळी गठ्ठ्यानं सह्या. डॉक्टर विचारायचे, सिस्टर, वाचलंय ना? मी म्हणायची, हो सर. माझं टायपिंग कधी चुकायचं नाही म्हणून ते डोळे झाकून सही करायचे. तुझी पाळी आली तेव्हा ते मशीन तुझ्या छातीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिले. मानेच्या खालीही बघितलं. मग तू शर्ट घालून बाहेर गेलास आणि ते मला म्हणाले, लिहा सिस्टर, उजवी बाजू थोडी मोठी वाटते, पडद्याचा वरचा भाग नीट दिसत नाही, घशातून इको करून खात्री करावी. आणि वर म्हणाले, तुमचा भाऊ आहे ना, मग मला काळजी नाही, सावकाश पुण्याला घेऊन जा, घाई नाही पण विसरू नका.

मी ते टाइप केलं होतं. तिन्ही गोष्टी, शब्द न् शब्द. पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला दार उघडलं तर समोर बाकावर तू बसलेला, कंपनीचं पत्र गुडघ्यावर, आणि वाकून बुटाची लेस बांधत होतास. माझ्याकडे बघून हसलास. बस, गिदू. एवढंच झालं. मी आत येऊन खुर्चीवर बसले, त्या ओळी पुसल्या आणि फाइलमधलं मूळचं जसंच्या तसं परत घातलं. उजवी बाजू नॉर्मल, पडदा अखंड. नोकरीवर हजर होऊ दे, तीन महिन्यांत कायम होईल, मग मीच गुपचूप पुण्याला नेईन, असं मनाशी म्हटलं. डॉक्टरांनी सही केली. त्यांनी विचारलं, वाचलंय ना? मी म्हटलं, हो सर.

तीन महिन्यांनी तू कायम झालास, पेढे घेऊन आलास, मी तो पेढा खाल्ला. मग लग्न. मग पोरगी. ते डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले, येणं बंद झालं. मी इकोची खोली सोडून वॉर्डात बदली मागून घेतली, पाठ दुखते म्हणून. पाठ कसली दुखते! दर नाताळला तू दुसऱ्या कडव्याला हात वर केलास की मी स्वतःला सांगायची, काही नसेल, डॉक्टरांना नुसती शंकाच तर होती. नऊ वर्षं हेच सांगितलं. गेल्या नोव्हेंबरात नगरहून फोन आला तेव्हा मला कुणी काही सांगायच्या आधीच माहीत होतं काय निघणार ते. गेले आठ महिने मी तुझ्यावर चिडतेय, हट्टी म्हणतेय, अडाणी म्हणतेय, मरियाजवळ तुझ्या तक्रारी करतेय, आणि तू काय करतोयस? तू माझ्यावर विश्वास ठेवतोयस. सगळ्या डॉक्टरांपेक्षा, सीटीपेक्षा तुझा माझ्यावर जास्त विश्वास आहे आणि त्यानंच तू मरायला निघालायस. मला या गोष्टीचा इतका संताप येतो की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, आणि त्यात तुझा दोष काडीचाही नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. भोक तेव्हाही होतं. डॉक्टरांना शंका आली होती. ती मी पुसली. तो रिपोर्ट डॉक्टरांचा नाही, माझा आहे, आणि तो खोटा आहे. काल दुपारी मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्टची तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, तेव्हा झालं असतं तर सोपं गेलं असतं, पण अजूनही वेळ गेलेली नाही, फुप्फुसातला दाब वाढलाय पण हाताबाहेर गेलेला नाही. आणखी वर्षभर असंच काढलं तर मात्र आम्हीच हात लावणार नाही, त्यांना घेऊन या. सोमवारी मी आमच्या दवाखान्यातही लेखी देणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. तू तक्रार केलीस तरी मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही. आईला आणि मरियाला सांगायचं की नाही ते तू ठरव. माफीबिफी मी मागत नाही, ती या कागदावर मागण्यासारखी गोष्टच नाही. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं, की त्या प्लास्टिकमधल्या कागदावरचा तुझा विश्वास उडावा. त्याबरोबर माझ्यावरचा उडेल, ते मला ठाऊक आहे. चालेल. तू जगलास तर मला सगळं चालेल. मंगळवारी सकाळी सहाला मी सहादेवमामांची गाडी घेऊन सुप्याच्या स्टँडवर उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मी मागे बसेन. फक्त ये. आणि येताना चप्पल घालून ये, बूट नको. स्टँडवरच्या चढावर दम लागला तर सरळ उभा राहा. मी थांबेन, घाई करणार नाही.

अजूनही म्हणवलं तर तुझीच,
आक्का